कोहो सॅल्मनची नदीतली मोजणी: पहिल्या हंगामाला निघण्याआधी

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पऱ्याला लोंढा आला की आमच्याकडे अख्खी वाडी चढणीचे मासे धरायला बाहेर पडते. काही ठिकाणी त्याला वलगण म्हणतात. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारा मासा मी लहानपणी असा, बत्तीच्या उजेडात पाहिला. पुढे रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, तिथून अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हालिसला एम. एस. करायला आले आणि त्यानंतर दोन हिवाळे ओरेगनच्या किनारपट्टीवरच्या नद्यांमध्ये कोहो सॅल्मन मोजत चालले. या कामाबद्दल मराठीत विचारणारे बरेच जण भेटतात, बहुतेक मत्स्यशास्त्राचे नाहीतर पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहिते आहे.

काम ऐकायला सोपं आहे. ऑक्टोबर ते जानेवारी दर सात ते दहा दिवसांनी ओढ्याचा ठरावीक तुकडा, साधारण दीड किलोमीटरचा, पायी चालायचा. दिसलेले जिवंत मासे, मेलेले मासे आणि अंडी घातलेल्या जागा मोजायच्या. ओरेगन किनाऱ्यावरच्या कोहोंना १९९८ साली संघराज्याच्या कायद्यानुसार 'धोक्यात' असलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं गेलं. मासेमारीला किती मोकळीक द्यायची, कुठला ओढा आधी सुधारायचा, हे ठरवताना तुम्ही चिखलात उभं राहून लिहिलेला आकडा वापरला जातो. म्हणून आधीच सांगते: या कामात मासा शोधण्यापेक्षा खरं लिहिणं अवघड आहे. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

१. आधी मासा ओळखायला शिका

मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात पहिला घोळ तिथूनच होतो. रावसाचा आणि सॅल्मनचा काही संबंध नाही. सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि जन्मलेल्या नदीत परत येतो. कोहोचं आयुष्य बहुधा तीन वर्षांचं असतं. त्यातलं साधारण दीड वर्ष ओढ्यात आणि दीड वर्ष समुद्रात जातं. अंडी घातली की काही दिवसांत नर आणि मादी दोघंही मरतात. आपले चढणीचे मासे पाणी ओसरताना परत खाली उतरतात, हे उतरत नाहीत.

त्याच पाण्यात तुम्हाला चिनूक, चम आणि हंगामाच्या शेवटी स्टीलहेड ट्राउटही दिसतील. मेलेला मासा हातात असेल तर तोंड उघडून हिरड्या बघा. कोहोचं तोंड आतून काळपट असतं, पण दातांच्या मुळाशी हिरडी पांढरी असते. चिनूकची हिरडी काळी. कोहोच्या शेपटीवर ठिपके फक्त वरच्या अर्ध्या भागात असतात, चिनूकच्या दोन्ही भागांत. चमच्या अंगावर उभे जांभळट पट्टे असतात आणि ठिपके नसतात. स्टीलहेडच्या अख्ख्या शेपटीवर ठिपके असतात आणि तोंड आतून पांढरं असतं. निघण्याआधी फोटो बघून हे इतकं घोटा की पाण्यात विचार करायची वेळ येऊ नये. जिवंत मासा तुमच्यासाठी दोन सेकंद थांबतो.

२. अर्ज आणि कागदपत्रं

हंगामी जागांच्या जाहिराती साधारण उन्हाळ्यात निघतात. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या जागा सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात. काही आदिवासी राष्ट्रांचे मत्स्यविभाग, पाणलोट परिषदा आणि खासगी सल्लागार कंपन्याही माणसं घेतात. अर्जात पदवीपेक्षा 'थंडीत, पावसात, एकट्यानं, ओबडधोबड जागी काम केलं आहे का' याचं उत्तर जास्त वाचलं जातं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केले असतील, कोळ्यांच्या बोटीवर नमुने गोळा केले असतील, तर तसं सरळ लिहा. किती दिवस, काय वजन, कुठला भाग, हे नेमकं लिहा.

हाताशी ठेवायचे कागद:

- काम करण्याची परवानगी. विद्यार्थी असाल तर ओपीटीचं (शिक्षणानंतर काही काळ काम करायची विद्यार्थ्यांना मिळणारी मुभा) कार्ड आणि आय-२० (विद्यापीठ देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद)
- पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक
- अमेरिकन राज्याचा वाहन परवाना आणि वाहन चालवण्याचा स्वच्छ इतिहास
- प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र (नसेल तर आधीच करून घ्या)
- तुमचं काम पाहिलेल्या दोन-तीन माणसांची नावं

दोन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं म्हणजे गाडी. रोज सरकारी पिकअप घेऊन जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर जायचं असतं. भारतातला परवाना तिथे उपयोगाचा नाही, आणि ऐन सप्टेंबरमध्ये चाचणीची तारीख शोधत बसलात तर जागा हातची जाते. दुसरं म्हणजे ओपीटीचे दिवस. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि जानेवारीत हंगाम संपला की ते दिवस पुन्हा मोजले जाऊ लागतात. त्यामुळे हे काम हातात घेतानाच फेब्रुवारीचा विचार करा. ओपीटीची मुदत स्टेमखाली, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर, पुढे वाढवायची असेल तर काम देणारी संस्था ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन तुमच्या बाबतीतलं लेखी विचारून घ्या. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

३. सामान

वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि बूट बहुतेक ठिकाणी मिळतात, पण अंगावरचे कपडे तुमचे. सुती काही नको, बनियनसुद्धा. भिजलेलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा पॉलिस्टर, थरावर थर. कोकणातल्या पावसाची सवय आहे म्हणून गाफील राहू नका. तिथला पाऊस धो-धो पण कोमट असतो. इथे दिवसभर बारीक झिमझिम आणि हवा पाच-सात अंश, बोटं पेन्सिल धरेनाशी होतात.

पोलराइज्ड चष्मा ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. साध्या काळ्या चष्म्यातून पाण्यावर फक्त आकाश दिसतं, यातून तळ दिसतो. पिवळसर किंवा तांबूस काचा घ्या, कारण हिवाळ्यात झाडीखाली उजेड आधीच कमी असतो. बाकी: छातीएवढी उंच काठी, वेडर्सवरचा कमरपट्टा, हातातला मोजणीचा क्लिकर, मोजपट्टी, सुरी, चिमटा, खवल्यांची पाकिटं, पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची वही, पेन्सिली (पेन नको), रंगीत फिती, थर्मामीटर, छापील नकाशा आणि नारिंगी जाकीट. जाकीट शिकाऱ्यांसाठी, कारण हरणांच्या आणि एल्कच्या शिकारीचा हंगाम याच काळात येतो.

डबा असा न्या जो ओल्या हातांनी, उभ्यानं खाता येईल. मी दशम्या न्यायचे. गार झाल्या तरी मऊ राहतात.

४. सकाळी आधी पाणी बघा

रोज निघण्याआधी संघराज्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाची नदीमापक केंद्रं इंटरनेटवर पाहायची. पाणी चढतंय की उतरतंय हे पाहा. चढतं पाणी असेल तर नदी सोडा. पाऊस थांबल्यावर वरचे लहान ओढे आधी निवळतात, खालच्या मोठ्या नद्यांना आणखी काही दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा क्रम त्याप्रमाणे लावा: आधी उगमाकडचे तुकडे, मग खालचे. नवीन माणूस यादीतल्या क्रमानं जातो आणि गढूळ नदीच्या काठावर उभा राहून परत येतो.

पाणी पूर्ण उतरायची वाट बघत बसणंही चुकीचं. मासे वर येतात ते पाणी वाढल्यावर. दोन फेऱ्यांत दहा दिवसांहून जास्त अंतर पडलं की मधले मासे येऊन, अंडी घालून, मरून, पुरात वाहूनही गेलेले असतात.

५. चालायचं कसं, मोजायचं कसं

शक्यतो खालून वर, प्रवाहाविरुद्ध चाला. सॅल्मनचं तोंड प्रवाहाकडे असतं, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. शिवाय तुमच्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो, पुढचं पाणी स्वच्छ राहतं.

दर दहा-पंधरा पावलांनी थांबा. उथळ खळखळीत मासा दिसण्याआधी ऐकू येतो. मादी कुशीवर वळून शेपटीनं तळाची खडी उडवते, तेव्हा ओल्या कपड्याचे पिळे दगडावर आपटल्यासारखा पटापट आवाज येतो. डोहात मात्र काही ऐकू येत नाही. तिथे आडव्या पडलेल्या ओंडक्यांखाली, काठाच्या कपारीत बघा. काठी खुपसून मासे बाहेर काढू नका, जिवंत माशाला हातही लावू नका. तुमचं काम बघण्याचं आहे.

तुम्हाला पाहून मासे पुढे पळतात आणि तेच मासे वरच्या डोहात पुन्हा भेटतात. दुहेरी मोजणी टाळायची रीत अशी: मासा तुमच्या बाजूनं खाली, तुमच्या मागे गेला की मोजा. पुढे पळाला तर अजून मोजू नका, तो कधीतरी उलटा फिरेल किंवा तुकड्याच्या वरच्या टोकाशी दिसेल. साधारण ५० सेंटिमीटरच्या आतले लहान नर वेगळ्या रकान्यात लिहायचे. ते समुद्रात एकच उन्हाळा काढून वर्षभर आधी परतलेले असतात, त्यांना जॅक म्हणतात. मोठ्या नरांच्या भांडणाच्या कडेला, दगडाआड दडून बसलेले दिसतील.

फेरीच्या सुरुवातीला पाणी किती दिसतं त्याचा दर्जा लिहायचा असतो. डोह आणि खळखळ दोन्हींचा तळ दिसत असेल तर १. फक्त खळखळीचा दिसत असेल तर २. कशाचाच दिसत नसेल तर ३. हा एक आकडा अनेक जण घाईत भरतात. तसं करू नका, कारण पुढे सगळं त्यावर उभं आहे.

६. घरटी

सॅल्मनच्या घरट्याला इथे रेड म्हणतात. शेवाळलेल्या, पानांनी झाकलेल्या तळात एकदम उजळ, धुतल्यासारख्या खडीचा ठिपका दिसतो. वरच्या अंगाला खड्डा, खालच्या अंगाला उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली असतात, वाटाण्याएवढी, केशरी. एका मादीची दोन-तीन हजार. सुरुवातीच्या दिवसांत ती धक्क्यानं मरतात, म्हणून उंचवट्यावर पाय पडता कामा नये. सगळ्यात वाईट सापळा हाच आहे: चालायला सगळ्यात सोपी वाटणारी जागा, डोहाच्या शेपटीकडची सपाट खडी, हीच घरट्यांची जागा. अशा ठिकाणी पाण्याबाहेर पडा, काठाच्या सॅल्मनबेरीच्या झुडपांच्या काट्यांतून जावं लागलं तरी चालेल.

मोजलेल्या घरट्यासमोर काठावरच्या फांदीला तारीख लिहून फीत बांधा. दहा दिवसांत तीच जागा पुन्हा शेवाळून ओळखू येत नाही, आणि दुसरी मादी त्याच जागी खणते.

७. मेलेला मासा

नवीन माणसाला वासाची भीती असते. सुक्या मासळीच्या वासात वाढलेल्यांना तो फार जड जाणार नाही. मेलेले मासे डोहाच्या तळाशी, ओंडक्यांच्या जाळीत, कधी अस्वलानं नाहीतर पाणमांजरानं ओढून काठावर टाकलेले सापडतात.

प्रत्येकाचं क्रमानं करायचं: जात, नर की मादी, लांबी, खूण, खवले. लांबी डोळ्याच्या मध्यापासून शेवटच्या खवल्यापर्यंत घ्यायची, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नाही. या दिवसांत नराचं नाक आकड्यासारखं लांबतं आणि मादीची शेपटी खणून झिजलेली असते, त्यामुळे टोकांवर भरवसा ठेवता येत नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात हातात आलेल्या एका मादीच्या शेपटीचा पडदा पूर्ण गेला होता. काट्यांची पांढरी टोकं तेवढी उरली होती, झिजलेल्या केरसुणीसारखी. पोट उघडलं तेव्हा आत तीन अंडी होती. बाकी सगळी खडीत. त्या दिवसानंतर मला मोजपट्टी लावायचा कंटाळा कधी आला नाही.

पोट उघडून अंडी उरली का, हे पाहणंही कामातच आहे. भरल्या गाबोळीनिशी मेलेली मादी ही वेगळी नोंद.

मग पाठीवर, मोठ्या पराच्या आणि शेपटीच्या मधे एक छोटा मांसल पर असतो, ॲडिपोज फिन, तो आहे का पाहा. उबवणी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो बहुधा कापलेला असतो. त्यांच्यातल्या काहींच्या नाकात सुमारे एक मिलिमीटरची धातूची तार असते. हातातला शोधक वाजला तर नाकाचा भाग कापून, चिठ्ठीसह पिशवीत घालायचा. चिठ्ठी तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी चार पिशव्यांपैकी कुठली कुठल्या ओढ्याची हे आठवत नाही.

शेवटी शेपटी कापून मासा पुन्हा पाण्यात ठेवा. कापलेली शेपटी म्हणजे हा मोजून झाला. मासा घरी नेऊ नका, काठावरून लांब फेकू नका. त्याच्या अंगातून समुद्रातला नत्र या ओढ्याला आणि काठच्या झाडांना मिळतो, त्याची स्वतःची पिल्लंही पुढे त्यावर पोसतात.

८. कागद: शून्य आणि रिकामी जागा

इथे थोडं थांबून वाचा. तुमच्या आकड्यांतून माशांची संख्या काढतात ती अशी. समजा एका तुकड्यावर दर सात दिवसांनी गेलात आणि जिवंत मासे दिसले ०, १०, २४, १२, ०. एकच मासा दोन फेऱ्यांत दिसू शकतो, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ घेतात: ४६ गुणिले ७, म्हणजे ३२२ मासा-दिवस. एक कोहो अंडी घालण्याच्या जागी सरासरी सुमारे ११ दिवस जिवंत राहतो. ३२२ भागिले ११, म्हणजे सुमारे २९ मासे.

आता समजा तिसऱ्या फेरीला पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता आणि तुम्ही '०' लिहिलं. गणित होतं २२ गुणिले ७, भागिले ११. म्हणजे १४. ओढ्यातले निम्मे मासे तुमच्या पेन्सिलीनं गेले.

मी पहिल्या हंगामात अगदी हेच केलं होतं. पावसानं दूध-चहासारखं झालेलं पाणी, चार तास चालले, काही दिसलं नाही, शून्य लिहिलं. संध्याकाळी आमच्या प्रमुख बाईंनी कागद पाहिला आणि एकच विचारलं, "मासे नव्हते, की तुला दिसले नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही. दर्जा ३ असेल तर माशांच्या रकान्यात काही लिहायचं नाही, फेरी झाली नाही असं लिहायचं आणि पाणी निवळलं की परत जायचं.

उलट चूकही तितकीच होते. पाणी आरशासारखं स्वच्छ, दीड किलोमीटर चाललात, एक मासा नाही. मग हात वळवळतो, 'ओंडक्याखाली काहीतरी हललं होतं, एक लिहू का?' लिहू नका. स्वच्छ पाण्यातलं शून्य ही पक्की माहिती आहे. तुकडे नकाशावरून यादृच्छिक पद्धतीनं निवडलेले असतात, चांगले-चांगले बघून नाही. त्यात रिकामे ओढे येणारच, आणि ते आले तरच पूर्ण खोऱ्याचा अंदाज खरा निघतो.

९. जीव सांभाळायचा

- कमरपट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पडलात तर वेडर्समध्ये पाणी शिरायला वेळ लागतो, तेवढ्यात उठता येतं.
- पार करताना तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, आणि पाठपिशवीचा पट्टा सोडलेला.
- ओंडक्यांच्या ढिगाच्या वरच्या बाजूनं कधीही पार करू नका. पाय घसरला तर प्रवाह तुम्हाला त्याखाली ओढतो.
- फोनला रेंज नसते. कुठला तुकडा, किती वाजता परत, हे कोणाला तरी सांगून निघा. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र छातीशी ठेवा, गाडीत नाही.
- जंगलाच्या रस्त्यावर लाकडांचे भरलेले ट्रक उतारावरून येतात. रेडिओवर आपला मैलाचा आकडा आणि दिशा सांगत चला, नागमोडी वळणावर उजवीकडेच राहा.
- खासगी जमिनीचं फाटक किती वाजता बंद होतं ते आधी विचारा. परवानगी नसेल तर कुंपण ओलांडू नका. एकाच्या आगाऊपणामुळे तो तुकडा पुढे कायमचा बंद होतो.
- कुत्रा बरोबर नेऊ नका. कच्च्या सॅल्मनमधल्या कृमींत राहणाऱ्या जिवाणूनं कुत्र्यांना होणारा आजार उपचाराविना बहुधा जीव घेतो.
- एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, धुऊन, वाळवून घ्या. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय चिमूटभर ओल्या मातीतून पसरते.

थरथर थांबून जीभ जड वाटायला लागली तर ते बरं वाटणं नव्हे, अंग गारठून पडण्याची खूण आहे. बरोबरच्याला अशा वेळी तुकडा अर्धा सोडून गाडीत आणा.

१०. जानेवारीत

हंगामाच्या शेवटी सगळे थकतात. ओढ्यात शेपट्या कापलेले सांगाडे उरतात, काठावर आल्डरची पानं कुजत असतात, आणि 'आता काय असणार तिथे' म्हणून शेवटची फेरी टाळावीशी वाटते. ती टाळू नका. आलेख खाली उतरून शून्याला टेकला तरच त्याचं क्षेत्रफळ पूर्ण होतं. नेहालेम, सायलेट्झ, आल्सी किंवा कोक्विल, खोरं कुठलंही असो, उशिरा येणारे थोडे मासे असतातच. माझ्या दुसऱ्या हंगामात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, ज्या तुकड्यावर दोन फेऱ्या शून्य आले होते, तिथे एक जोडी मिळाली. मादी खणत होती, नर बाजूला. मी कागदावर २ लिहिलं आणि पुढच्या आठवड्याची फेरी पुन्हा यादीत घातली.

निघताना काठावरच्या फिती सोडून आणा, खवल्यांची पाकिटं कोरडी आहेत का ते तपासा, आणि मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.